चामटोलीच्या वाटेवरची गाडी

अहो,

उद्या नीलेश उल्हासनगरला नवी गाडी बुक करायला जातोय, आणि आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. वर्ष झालं तुम्हाला जाऊन. एवढ्या दिवसांत मनासारखं भांडायलाही कुणी मिळालं नाही!

तो फोर व्हील ड्राइव्ह घेतोय. जेवताना म्हणाला, बाबांनी तेव्हा चिकटपणा केला, मी नाही करणार. तो चिकटपणा कुणाचा होता, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक.

तुम्हाला चारही चाकांना जोर असलेलीच गाडी हवी होती. चामटोलीला आईंकडे जायचं तर डांबरी रस्ता सुटला की सगळी चिकणमाती, असं परोपरीनं समजावत होतात. मी म्हटलं, खरवईत राहतो आपण, हिमालयात नाही! महाग गाडी, वर डिझेल जास्त पिणार. शेवटी ऐन मे महिन्यात शोरूमवाल्यांची टू व्हील ड्राइव्ह तुम्हाला चामटोलीपर्यंत चालवायला लावली. वाळून खडखडीत झालेल्या वाटेवरून ती थेट आईंच्या अंगणात गेली आणि मी जिंकले. भातशेतीच्या गावची वाट उन्हाळ्यात बघून गाडी ठरवणारी शहाणी मी! तुम्ही तरी कसं ऐकलंत माझं?

जुलैत चाकं रुतली, ट्रॅक्टर लावून काढावी लागली. घरी येऊन तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पुढे पावसाळ्यात आईंकडे एकटेच जायला लागलात. मला वाटलं, बायकोची कटकट नको म्हणून. मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा चामटोलीला आईंचे पाय चेपत बसले होते, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या. गाडी डांबरी रस्त्यावर उभी करून तुम्ही चालत जायचात, त्यांना डॉक्टरकडे न्यायला. "पाठकुळी घेऊन जायचा मला, चिखलातनं. सुनेला सांगू नको म्हणायचा, तिला लागंल."

तुमची कंबर का धरायची, ते तेव्हा कळलं. मी बाम चोळता चोळता तुम्हालाच बोलायचे, खुर्चीत नीट बसत नाही म्हणून. खूप रडले हो. रागही आला. एकदा तरी ओरडायचंत माझ्यावर! नीलेश चिकट म्हणून चिडवायचा तेव्हा तुम्ही नुसते हसायचात, आणि मीही त्याच्या जोडीनं हसायचे. ते आता सहन होत नाही.

लेकाच्या मनातून उतरायची भीती वाटते. घरात आता तोच तर आहे मला. पण उद्या तो निघण्याआधी त्याला समोर बसवून सांगणार आहे, शब्द देते: ती गाडी मी निवडली होती. तुझ्या बाबांना, तू आज घेतोयस तीच हवी होती.

तुमचीच,
सुमन