गाडी आता तुम्हाला टोकेल

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे. चिऊला घेऊन मी बसने आईकडे निघाले आहे. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाचा.

काल शाळेच्या वळणावर ती सायकलवाली मुलगी आपल्या गाडीखाली येता येता वाचली. तुम्ही घरी येऊन जेवलात आणि झोपलात. चिऊ मात्र झोपेत सारखी दचकत होती. सकाळी म्हणाली, "आई, मी बाबांच्या गाडीत नाही बसणार." 

म्हणून तुम्ही झोपला होतात तेवढ्यात मेकॅनिककाकांना बोलावून गाडीत वेगमर्यादा सांभाळणारं यंत्र बसवून घेतलं. वेग वाढला की ते आधी पिपाणीसारखं वाजेल. तरी ऐकलं नाहीत, तर गाडी आपणहून हळू होईल. कायद्याला चालतं, मी विचारून घेतलंय. चिडायचं तर माझ्यावर चिडा, काकांवर नको. आणि वायर उपटू नका.

संध्याकाळी आम्हाला न्यायला या. गाडी कशी येते ते बघायला चिऊ फाटकात उभी राहणार आहे. बसायचं की नाही ते तीच ठरवेल. मी तिला काही समजावणार नाही.