काचेमागचे बाबा

४ मार्च
लेकीने, उमाझीने, मोंबासाहून तिचा जुना फोन पाठवला. आता परदेशातली म्युझियमं घरबसल्या बघता येतात. व्हर्च्युअल टूर. बोट टेकवलं की पुढे चालायचं, गुडघे दुखायचा प्रश्नच नाही. ठरलं. बाबांचा किगांगो शोधून काढायचा. ते गेल्यावर त्यांच्या नावाने आम्ही जमिनीत रोवलेला कोरीव खांब कुणीतरी उपटून नेला, त्याला आता किती वर्षं झाली. असले खांब तिकडे काचेत उभे करतात, असं उमाझी सांगत होती. आठवड्याचं काम आहे. बाबांना मी जत्रेतसुद्धा ओळखेन.

६ मार्च, सकाळ
म्युझियमच्या दारात थांबून "येऊ का?" विचारलं. न विचारता कुणाच्या घरात शिरायचं नाही, ही आपली रीत. चुलीपाशी बसलेली दामा म्हणाली, "या की! कुणी अडवलंय?" प्रत्येक दालनाला मी विचारतोय आणि ही उत्तर देतेय. शेवटी वैतागली. "उमाझीचे बाबा, माझ्या चुलीपाशी येताना कधी विचारलंत का हो?"
आत चिटपाखरू नाही. एवढं मोठं घर, पण पाणी विचारायला माणूस नाही.

११ मार्च
पहिला आठवडा शिकण्यात गेला, तो धरायचा नाही. आज तासभर छतच दिसत होतं. मग एक बाण दाबला, तर थेट त्यांच्या चहाच्या दुकानात. तिथेही कुणी नाही.

१९ मार्च
सापडले!!
काचेमागे. लोखंडी तिवईवर. पाय मातीत नाहीत. गळ्यात बांधलेल्या कापडी पट्ट्या कुणीतरी काढून घेतल्यात. उघडेच उभे आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. झूम केलं. खांद्यावर तीच चीर, रोवताना पडलेली.
फोन भिंतीला टेकवून ठेवला. माडी आणली. चार थेंब जमिनीवर, दोन बाबांवर. दामा धावत आली, अंगावरच्या कापडाने फोन पुसला. "त्यांना पाजा, पण फोनला कशाला?" मग माझा चेहराही पुसला. माडी उडाली असावी.

२० मार्च
माडीच्या अड्ड्यावर सगळ्यांना दाखवले. शेजारच्या चारोने फोन ओढून घेतला. म्हणाला, "हे तर माझे बाबा! ही चीर आमच्या बैलाच्या शिंगाची." त्यांचाही खांब तेव्हाच गेला होता, हे मी विसरलो होतो. जुमवा आजीने आम्हा दोघांना बाजूला सारलं. "मेल्यांनो, हा माझा नवरा. इतक्या वर्षांनी भेटतोय, तरी माझ्याकडे बघत नाही. म्हणजे तोच!"
सगळे हसले. तिने फोन गालाला लावला. मग कुणी हसलं नाही.

२२ मार्च
चारोशी जन्मात बोलणार नाही.
संध्याकाळी बोललो. सोलर त्याच्याकडे आहे. फोन चार्जिंगला लावत म्हणाला, "बघ, माझ्या बापाचं पोट मीच भरतोय." भांडणारच होतो, पण बॅटरी लाल होती.

२८ मार्च
तिघांची बैठक झाली. आधी घरी आणायचं, कुणाचा ते नंतर बघू. उमाझी म्युझियमला कळवणार आहे. उत्तर हो म्हणूनच येईल, दुसऱ्याचा बाप कोण ठेवून घेतं? जुन्या जागी मी खड्डा खणून ठेवला. जुमवा आजीने नव्या पट्ट्या फाडल्या, पांढरी, लाल, निळी. दामा म्हणाली, "जरा दमानं घ्या." मी म्हटलं, पाहुणा दारात आल्यावर तयारी करायची असते का?

१७ एप्रिल
उमाझीचा फोन. उत्तर आलं. टूरमधले फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचे. ते दालन केव्हाच मोडलं. खांब पुढे कुणाकडे गेला, त्यांना सापडत नाही. आपण विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ती टूरही काढून टाकली.
मी म्हटलं, अगं, काल तर होते. सकाळी बोललोसुद्धा.
"बाबा, तो फोटो होता."
नेटवर्क खराब होतं. फोन ठेवून दिला.

१८ एप्रिल
चारोला सांगितलं. तो गुरं सोडायला गेला, आणि दावं हातात धरून तसाच उभा राहिला. जुमवा आजीला अजून सांगितलेलं नाही. म्युझियमवाले आवराआवर करतायत, एवढंच सांगितलं. हे तसं खोटं नाही.

२३ एप्रिल
खचून चालणार नाही. नवा खांब कोरून घ्यायचा. किथी सुताराला बोलावलं. कसदार लाकूड घेऊन आला. मी म्हटलं, निवांत विचार, बाबा मला तोंडपाठ आहेत.
"डोळे कसे होते?"
बाबांच्या डोळ्यांसारखे, म्हटलं.
"नाक?"
चांगलं होतं.
"खांद्यावरची चीर सांगितलीत. चेहऱ्याचं काहीतरी सांगा ना, काका."
दामा तांदूळ निवडायला लागली. निवडलेलेच तांदूळ.
किथीला म्हटलं, आज ऊन फार आहे. उद्या सांगतो.