सातुर्निनाबाईंचा पाव

२४ जुलै, शुक्रवार. पुकारूमी.

निरोपाचं आलेलं सामान — बटाटे एक पिशवी, चीजचा गोळा, लोकरीचे मोजे (माझे आणि नवऱ्याचे, कासिमिरोचे, त्याचं माप अंदाजाने), उकडलेली अंडी, आणि सातुर्निनाबाईंकडून पाव, ताटाएवढा, वर साखर आणि बडीशेप. पैसे काही पडले नाहीत. उद्याच्या ट्रकचे सिकुआनीपर्यंत तीन सोल. पिशवीचे ड्रायव्हर वेगळे मागतोय, ते मी देणार नाही.

इथल्या डोंगरातल्या शाळेत शिकवण्याची मुदत आज संपली. आमच्या चर्चच्या पॅरिशने मार्चमध्ये विचारलं होतं — मॅट्रिक झालेली बाई हवी, पगार नाही, खोली आणि बटाटे मिळतील. मॅट्रिक मी आहे, बटाटे मला चालतात. पहिलीची पोरं आता वाचतात. एक पोरगा अजून वाचत नाही, पण तो हट्टी आहे, वाचेल.

संध्याकाळी सातुर्निनाबाई आल्या. सप्टेंबरातल्या मरियामातेच्या उत्सवाच्या त्या यंदाच्या यजमान, सगळ्या गावाचं जेवण त्यांच्या अंगावर. हातात पाव, सोबत पेलाभर मक्याची बिअर. म्हणाल्या, "बाई, तुमच्या घरची होडी आहे ना? मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे मासे तुमच्या होडीतले." मी म्हटलं, "हो तर, टोपल्या भरून!" दोघी हसलो. पाव घेतला. माणसं फार चांगली आहेत.

होडी आहेच, खोटं बोलले नाही. तिचं चित्र फळ्यावर काढून मी अर्धी अक्षरं शिकवली. दोन वर्षं ती वाळूवर पालथी पडलीय, एवढंच पोरांना सांगितलं नाही. धाकटे दीर तेओ तिच्यातूनच पाण्यात गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून कासिमिरो समुद्रावर जात नाही आणि चर्चमध्ये मिस्सेलाही नाही. दुसऱ्यांची जाळी शिवतो. जेवताना एक शब्द नाही. इलो बंदरावरच्या त्या गप्प घरातून चार महिने बाहेर पडायला मिळालं म्हणूनही मी इथे आले. वहीत लिहायला हरकत नाही.

२५ जुलै, शनिवार. हुलियाका.

पिशवीचे दिले नाहीत.

सिकुआनीहून पुढच्या बसमध्ये शेजारी बासिलिया नावाची बाई, लोकरीचा व्यापार करते. भूक लागली म्हणून मी पाव मोडला, चीज लावून चांगला मोठा तुकडा खाल्ला आणि तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला, पाव नीट पाहिला आणि हात मागे घेतला.

"हा कुणी दिला?"

"आमच्या उत्सवाच्या यजमानीणबाईंनी. निरोपाचा."

"निरोपाचा कसला! काही मागितलं का देताना?"

"मासे. सणाच्या जेवणाला. गंमत चालली होती आमची."

"आणि तुम्ही खाल्लात."

"भूक लागली होती."

ती इतकी हसली की टोपी मांडीवर पडली. म्हणाली, "अहो बाई, तुम्ही किनाऱ्यावरची माणसं तोंडाने हो म्हणता आणि घरी जाऊन विसरता. आमच्याकडे डोंगरात तसं नसतं. मागणं पावाबरोबर येतं. पाव परत केला तर नाही म्हटलं. खाल्ला की अंगावर घेतलं. पाव परत गेला नाही, एव्हाना गावभर झालं असेल, मासे इलोच्या बाईंचे म्हणून."

"तुम्ही थोडा घ्या तरी."

"नको गं माझे आई! मी खाल्ला तर निम्मे मासे मला आणावे लागतील. जो खातो तो बांधला जातो."

"बाजारातून घेऊन पाठवले तर?"

"त्या काय म्हणाल्या?"

"होडीतले."

"मग होडीतले," ती म्हणाली आणि माझ्याकडचं अंडं मात्र घेतलं.

उरलेला पाव फडक्यात बांधला. मला राग आला नाही. खाल्ला तर खाल्ला. शब्द माझा आहे आणि होडी कासिमिरोची, अडचण ती आहे. दुसऱ्या कशाला मी घाबरत नाही.

२६ जुलै, रविवार. अरेकिपा.

मिस्सा ऐकली. मुक्काम मठातल्या सिस्टर लोकांकडे. पैसे घेईनात, मग बटाटे दिले.

मिस्सेनंतर फादरना विचारलं. तरुण आहेत, पटकन उत्तर देतात. म्हणाले, "बाई, पाव म्हणजे पाव. बंदरावरचे मासे घेऊन पाठवा, मरियामाता काही तपासायला बसत नाही." चांगला मुलगा आहे. पण त्याला सातुर्निनाबाई माहीत नाहीत.

जपमाळ करताना एक ठरलं. कासिमिरोला गुंडाळायचं नाही. अर्धा पाव उरलाय, तो न सांगता कॉफीबरोबर पुढे ठेवणं सोपं आहे. तसं करायचं नाही. आधी सगळं सांगायचं, मग पाव.

२७ जुलै, सोमवार.

दिवसभर बस. धूळ. मोकेग्वाला अव्होकॅडो स्वस्त होते, घेतले. दोन आत्ताच मऊ पडलेत.

२८ जुलै, मंगळवार. इलो.

घरी. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, गल्लीत सगळीकडे झेंडे. आमच्या दारावरही होता, कासिमिरोने लावला होता. स्टँडवर घ्यायला आला, पिशवी उचलली, "वाळलीस" म्हणाला. घर झाडलेलं. तुळस मेली, बाकी झाडं जिवंत. मोजे त्याला नीट बसले.

जेवण झाल्यावर सांगितलं. सगळं — फळ्यावरची होडी, सातुर्निनाबाई, पाव, बासिलिया, तिची टोपी. टोपीपर्यंत तो ऐकत होता, थोडा हसलाही. मग म्हणाला, "म्हणजे तू माझ्या होडीचा शब्द दिलास."

"दिला."

"मला न विचारता."

"मला कुठे ठाऊक होतं देतेय म्हणून?"

"बंदरावर बांगडे ढिगाने येतात. घे, मीठ लाव, पाठवून दे."

"पाव मी खाल्लाय, कासिमिरो. बंदराने नाही खाल्ला."

"मग तूच जा समुद्रावर!"

अंगणात जाऊन बसला. मी पाव फळीवर ठेवला, वर फडकं. दारातूनच सांगितलं, "हा खाणारा बांधला जातो, हे तुला आता माहीत आहे. खाऊ नकोस म्हणत नाही, खा असंही म्हणत नाही." भांडी घासली आणि झोपले. झोप चांगली लागली.

३१ जुलै, शुक्रवार.

बोलणं मीठ मागण्यापुरतं. पाव दगड झालाय. हलवलेला नाही.

२ ऑगस्ट, रविवार.

मिस्सेहून आले तर फडकं नीट घडी करून ठेवलेलं आणि पावाचा कोपरा नाही. उंदीर म्हणावा तर उंदीर कॉफीचा कप विसळून पालथा घालत नाही.

मसूर शिजत टाकले. जाळं शिवता शिवता, मान वर न करता त्याने विचारलं, "समुद्र बघितलाय का तुझ्या पोरांनी?"

"कुठून बघणार? फळ्यावरची होडी बघितलीय."

"कशी काढली होतीस?"

वाण्याच्या कागदावर काढून दाखवली. त्याने बराच वेळ पाहिली. "सुकाणू पुढच्या टोकाला काढलंस."

"पोरांना काय कळतंय?"

"चुकीचं का शिकवायचं?" म्हणाला. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नीट करून दिलं. मग त्याच कागदावर मागच्या बाकावर बसलेला एक माणूस काढला. कोण ते विचारायची गरज नव्हती. तेओ तिथेच बसायचे. मी मसूर ढवळायला उठले, कारण रडत बसले असते तर करपले असते.

३ ऑगस्ट, सोमवार.

होडी सुलटी केली. शेजारचे चौघे लागले. तळाला दोन फळ्या बदलाव्या लागतील. दिवसभर डांबराचा वास. मी डबा घेऊन गेले तेव्हा मला म्हणाला, "तिथे उभी राहू नकोस, झगा खराब होईल." दोन वर्षांत, भांडण सोडलं तर, त्याचं इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

१२ ऑगस्ट, बुधवार.

सातुर्निनाबाईंना आज टाकलेलं पत्र. शब्द त्याचे, अक्षर माझं.

"होडीतले पहिले बांगडे काल मिठात घातले. दुसऱ्याच्या हाती माल देणार नाही, आम्ही दोघं घेऊन येतो. एक टोपली माझा भाऊ तेओ याच्या नावाने आहे. त्याच्यासाठी मिस्सा सांगून ठेवा, मी बसणार आहे. जेवायला माणसं किती, तेवढं उलट टपाली कळवा."