कुलूप लावताना वाजलेला फोन

लाडक्या बाळा, प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

तुझा फोन रविवारी सकाळी येतो, नेमका उपासनेच्या वेळी. म्हणून तू परगावी गेल्यापासून मी चर्चला जाणंच सोडलं होतं. फोनसमोर हात जोडल्यासारखी बसायचे. आज तुझे बाबा निघताना म्हणाले, "काय गं, तुझा देव अजून उठला नाही वाटतं?" मी हसले, पण ते मनाला लागलं.

बायबल घेऊन त्यांच्यामागे निघाले. कुलूप लावत होते, तोच आत फोन वाजला. तरी किल्ली फिरवली. चर्चमध्ये इतक्या मोकळ्या गळ्याने गायले, की पेटीवाल्या बाईंनी वळून पाहिलं.

आधी देव, मग तू. आणि आज तू मला जास्तच लाडका वाटतोस.

हे पत्र टाकत नाही. तिकीट कशाला वाया घालवू? संध्याकाळी मीच फोन करते.

उपासनेहून आलेली,
तुझी आई