विभागाच्या सत्काराच्या दिवशी

सर, आज आपल्या विभागाचा सत्कार झाला. विभागाचा म्हणजे माझा आणि माझ्या एका विद्यार्थिनीचा, कारण राज्यशास्त्र विभागात कायम नोकरीतली आता मी एकटीच उरले आहे. ग्रामसभेतल्या बायकांवर लिहिलेल्या माझ्या पुस्तकाला विद्यापीठाचा पुरस्कार मिळाला. पोरगी एम.ए.ला विद्यापीठात पहिली आली, आणि हैदराबादला पीएच.डी.साठी तिची निवडही झाली. फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरची आहे. प्राचार्य छान बोलले, शाल घातली, फोटो निघाले. मग सगळे जेवायला गेले आणि मी विभागात येऊन बसले. कुणाला तरी फोन करावा म्हणून मोबाइल काढला, तर कुणाला करावा तेच सुचेना. तुम्ही गेलात, अब्बाही नाहीत आता.

अब्बांच्या गॅरेजमध्ये तुम्ही आलात तो दिवस मला सारखा आठवतो. पांढरकवड्याचा हायवे, ट्रकचं चाक काढून ठेवलेलं, अब्बांचे हात ग्रीसनं काळे. मी पडद्याआड उभी आहे. अब्बा म्हणतात, "सर, बारवी हो गई, बस हुआ. ये राजनीति पढ़ के करेगी क्या? हमारे घर में तो पहले ही चार पार्टी हैं." तुम्ही स्टुलावर बसता आणि म्हणता, "मंग पोरीले सवयच हाये नं!" अब्बा इतके हसले की पाना हातातून पडला. त्याच आठवड्यात माझा प्रवेश झाला.

पण तुम्ही लाड केले नाहीत. दुसऱ्या वर्षाला पंचायत राजवर मी मोठ्या झोकात निबंध वाचला, तर भर वर्गात तुम्ही विचारलंत, "हे कोण्या पुस्तकातलं हाये? ग्रामसभा पाह्यली का तू कधी?" मी रडले, आणि रागानंच कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, त्यांच्या वस्तीत, ग्रामसभेला जाऊन बसले. बाप्ये सतरंजीवर, बायका दाराबाहेर उन्हात. एक म्हातारी मला म्हणाली, "तू बी इकडंच बस, आत तुले कोण इचारते?" मी ते तसंच लिहून आणलं. तुम्ही वाचलंत आणि एवढंच म्हणालात, "आता तुहं झालं." ज्याच्यासाठी आज सत्कार झाला, ते पुस्तक त्या उन्हातूनच आलं. प्राचार्यांना हे माहीत नाही. सांगावं असं कुणी समोरच नव्हतं.

संध्याकाळी ती पोरगी पेढे घेऊन आली. मी चहा मागवला. ती म्हणाली, "मॅडम, प्राचार्य सर म्हणून राह्यले का इथंच तासिका तत्त्वावर शिकव. हैदराबादले तर मले कोणीच ओळखत नाही. काय करू?"

"घरचे काय म्हणतात?"

"बाप म्हणते, मॅडम सांगतील तसं कर."

मी चहा पीत राहिले. ती राहिली तर समोरच्या खुर्चीत माणूस येईल. सकाळच्या पेपरावरून भांडायला कुणी असेल, डबा खाताना कुणी असेल. बोलायला तोंड उघडलं आणि तुम्ही बसस्टँडवर दिसलात. तुमच्या जागेवर इथं परत येण्याच्या कितीतरी आधी मला मराठवाड्यातल्या कॉलेजात पहिली नोकरी लागली होती आणि तुम्ही पिशवीतून प्रेशर कुकर आणला होता. "उपाशी पोटी शिकवता येत नाही. जा आता," म्हणालात. त्या वर्षी तुमचे दोन सहकारी निवृत्त झाले होते, तिसरे आजारी होते. मी खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते. दुसऱ्या दिवशी विभागात तुम्ही चहा कुणाबरोबर प्यायलात, हे माझ्या मनात आज पहिल्यांदा आलं.

"हैदराबादलाच जा," मी तिला म्हटलं. "इथं राहशील तर माझ्यासारखीच होशील. त्याच्या पुढं जायचं आहे तुला."

तिचे डोळे भरले. ती पाया पडायला वाकली, मी तिला धरून उभं केलं. पायऱ्या उतरताना ती फोनवर बापाशी तांड्यावरच्या गोर बोलीत मोठमोठ्यानं बोलत होती, हसत होती.

सर, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. 'जा' म्हटल्यावर मी क्षणभर थांबले होते. वाटत होतं, ती म्हणेल, नाही मॅडम, मी राहते.