तिसऱ्या ओळीतलं शून्य

२ नोव्हेंबर, पहाटे ५.५०
ठक ठक ठक ठक, ठक ठक ठक ठक. या आवाजानं जाग आली. स्वप्नच होतं. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर. अक्षराला एक ठोका, ओळीला आठ. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगते आहे. डोळे भरून आले. ही कुशीवर वळून म्हणाली, रात्री डोळ्यांत थेंब घालायचे राहिलेत, म्हणून. हिला काव्य कळत नाही.
संकल्प : आजपासून रोजनिशी. एक दिवसही खंड नाही.

६ नोव्हेंबर
(मधले तीन दिवस चिंतनात गेले. तो खंड धरू नये.)
शाळेचं पत्र आलं. शाळेला शंभर वर्षं होताहेत, स्मरणिका निघणार, माजी विद्यार्थ्यांनी साहित्य पाठवावं. अंतिम तारीख २५. माझी 'निरोप' सोडून दुसरं काय छापणार म्हणा! शेवटच्या वर्षी निरोप समारंभात म्हटली होती. इथे उतरवून ठेवतो :

बाक बाकाला सांगतो
आता निघाली पाखरे
फळा एकटा रडे
खडू कोणाला विचारे

आज पुन्हा वाचली. अंगावर काटा.
मग पत्राच्या तळाशी नजर गेली. संपादक : आमच्या वर्गाचा मॉनिटर. (तिथे पूर्ण नाव आहे. या वहीत ते येणार नाही.)
अठ्ठावन्न वर्षांपूर्वी याच कवितेवर टाळ्या पडत होत्या, आणि त्या संपायच्या आत हा उठून भर सभागृहात म्हणाला, तिसऱ्या ओळीत एक अक्षर कमी आहे. सगळे हसले. मुख्याध्यापकसुद्धा. चौथीपासून एका बाकावर बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि हे! त्या दिवसापासून अबोला. पुढे हा वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर झाला. जन्मभर दुकानदारांच्या तराजूत काय कमी आहे ते शोधत हिंडला. रोज सकाळी बागेत येतो. तो कारंज्यापाशी बसतो, मी फाटकापाशी. एकमेकांकडे न बघण्याची आता दोघांनाही छान सवय झाली आहे.
एक अक्षर कमी म्हणे. मी चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर होतो. लोकांच्या मजकुरातलं गळलेलं अक्षर मला दहा फुटांवरून दिसायचं. माझ्याच कवितेतून कसं गळेल? मोजून पाहायची गरज कधी वाटली नाही. स्वतःच्या मुलाची बोटं कोणी मोजत बसतं का?

७ नोव्हेंबर
मोठा दिवस!
सूनबाई घरून काम करते. पूल हलला तर किती हलेल, याचं गणित लॅपटॉपवर करते. चहा द्यायला गेलो (म्हणजे घ्यायला गेलो), तर पडद्यावर आकडेच आकडे, ओळीखाली ओळ. हे काय, विचारलं. म्हणाली, मॅट्रिक्स, बाबा. आडव्या ओळी आणि उभे रकाने. अट एकच, सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर मशीन घेतच नाही.
अरे, मग ही कविताच की!
योजना झरझर सुचली. आखूड अक्षराला १, लांब अक्षराला २. चार ओळी, आठ रकाने. मशीननं कविता स्वीकारली की तोच पुरावा. मॉनिटरला माणसाचं पटत नाही, आकड्याचं पटतं. घे म्हणावं आकडे!
सूनबाई म्हणाली, बाबा, बोटांवर मोजा ना, दोन मिनिटांचं काम आहे. बोटांवर! कुठल्या जमान्यात राहतात ही मुलं?
वेळापत्रक : पहिला आठवडा, प्रोग्रॅमिंगचा पाया. दुसरा, प्रभुत्व. तिसऱ्यात सूनबाईला पुलाच्या कामात मदत.

९ नोव्हेंबर
पहिला तास. चौकटी कंसात आकडे लिहायचे. ओळ संपली की अर्धविराम, म्हणजे पुढची ओळ सुरू. व्याकरण पक्कं असल्यामुळे मला हे लगेच जमलं. सूनबाईनं सांगितलं की संपूर्ण सूचनेच्या शेवटी अर्धविराम दिला तर मशीन काम करतं, पण उत्तर बोलून दाखवत नाही. केवढी सभ्यता! जेवताना हिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी मनातल्या मनात अर्धविराम देऊन पाहिला. काही फरक नाही.
वही : ४० पानी, नवीन. वर सुवाच्य अक्षरात 'मॅट्रिक्स' लिहिलं. खाली रेघ मारली. आज एवढं पुरे.

११ नोव्हेंबर
गुणाकार. यात क्रम उलटा केला की उत्तर बदलतं. सूनबाई म्हणाली, आधी मोजे मग बूट, तसं समजा. मग एक मॅट्रिक्स दाखवलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके १, बाकी सगळी शून्यं. त्यानं कशालाही गुणा, काहीही बदलत नाही. आमच्या मुख्याध्यापकांची आठवण झाली.
बाकीचं डोक्यावरून गेलं, पण ते पुलांसाठी असतं. कवितेला लागत नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार
पाया पक्का झाला आहे. छोट्या मॅट्रिक्समध्ये आता मन रमत नाही. सूनबाई खाली भाजी आणायला गेली होती, तेवढ्यात चाळीस हजार ओळी आणि चाळीस हजार रकाने मागितले, सगळे एक-एक भरलेले. लॅपटॉप आधी विचारात पडला. मग पंख्यासारखा घरघरला. मग पडदा गोठला.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
पुलाचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं म्हणतात. सूनबाई ते पुन्हा पहिल्यापासून करायला बसली. तेच जास्त लागलं. मुलगा कामावरून आला आणि हसून म्हणाला, बाबा, एवढे एक कशाला हवे होते? या घरात जिज्ञासेला किंमत नाही.
नवा नियम : रोज फक्त अर्धा तास, तोही सूनबाई शेजारी बसलेली असताना.

१५ नोव्हेंबर
आज प्रत्यक्ष कविता! चारही ओळींचे आकडे स्वतः काढले, हातानं टाइप केले. एका बोटानं, पण ठामपणे. बटण दाबलं.
लाल अक्षरांत इंग्रजी बोंब. सारांश असा, की ओळींची लांबी जुळत नाही. वरच्या दोन ओळी आठच्या, तिसरी सातची.
सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

१५ नोव्हेंबर, अर्ध्या तासानं
कारण सापडलं. 'रडे' म्हणताना मी 'र' लांबवतो. रऽऽडे. एका अक्षरात दोन ठोके होतात. मशीनला सूर ऐकू येत नाही, त्याला काय करणार?
सूनबाई म्हणाली, मशीनला नाही येत, पण छापलेल्या पानालाही येत नाही ना, बाबा.
मुलगी हुशार आहे, पण संगीताची गोडी नाही.

१६ नोव्हेंबर
आठचा अंक अडकत असावा. कीबोर्ड झटकला. आतून चिवड्याचा तुकडा आणि एक तीळ निघाला. पुन्हा चालवून पाहिलं. तीच बोंब. दुसरा लॅपटॉप मागितला. हा दुसराच आहे, असं उत्तर मिळालं.

१८ नोव्हेंबर
सापडलं! इतके दिवस उलट्या टोकानं विचार करत होतो. तिसरी ओळ लांब करायची गरजच नाही. बाकीच्या तीन आखूड करायच्या. शेवटचा रकाना काढून टाकला. चार ओळी, सात रकाने. बटण दाबलं आणि लाल काही नाही! मशीननं निमूट घेतलं! वर त्या तिरक्या एकांच्या मॅट्रिक्सनं गुणून घेतलं, कविता जशीच्या तशी परत आली. तावून सुलाखून निघाली म्हणायची.
सूनबाईच्या सांगण्यावरून अक्षरांतही लिहून पाहिली :

बाक बाकाला सांग
आता निघाली पाख
फळा एकटा रडे
खडू कोणाला विचा

तशी वाईट नाही. आधुनिक वाटते. हिला म्हणून दाखवली. हिनं विचारलं, विचा कोण?

१९ नोव्हेंबर
सूनबाईनं आडव्या ओळींचे उभे रकाने करायला शिकवलं. एक टिंब आणि त्यापुढे वर एक छोटी उभी खूण, की सगळं मॅट्रिक्स कूस बदलतं. कवितेवर पेन्सिलनं करून पाहिलं : बा आ फ ख. क ता ळा डू. बा नि ए को. दोनदा मोठ्यानं वाचलं. काहीतरी खोल आहे, असं पहिल्यांदा वाटलं. तिसऱ्यांदा वाचताना शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, आजोबांना बरं नाही का?
रात्री विचार केला. 'पाख' नको. पाखरे हवीत. कविता कापायची नाही.

२२ नोव्हेंबर
शेवटचा आणि निर्णायक प्रयोग. सूनबाई फोनवर असताना सहज बोलून गेली होती, की जागा रिकामी राहिली तर तिथे शून्य भरतात. मग आपण का नाही? तिसरी ओळ : १ २ २ १ २ १ २ ०. आठ आकडे! बटण दाबलं. घेतलं! पाखरंही शाबूत!
लगेच ईमेल. मजकूर : "संपादक महाशय, सोबत माझी 'निरोप' ही कविता. ती संगणकावर तपासून घेतली असून सर्व ओळी सारख्या भरल्या आहेत. काही लोकांनी खात्री करून घ्यावी." 'काही लोकांनी' या शब्दांखाली रेघ मारायची होती, बटण सापडलं नाही. फाइल जोडली, पाठवली.
अठ्ठावन्न वर्षांचं ओझं उतरलं. दोन वाट्या आमटी प्यायलो.

२२ नोव्हेंबर, जेवणानंतर
मी पाठवलेलं सूनबाईनं उघडून पाहिलं. दोन गोष्टी सांगितल्या. एक, जोडलेल्या फाइलमध्ये फक्त आकडे आहेत, कविता नाहीच. दोन, तिसऱ्या ओळीच्या शेवटी शून्य, म्हणजे तिथे काही नाही, हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंय, बाबा.
ईमेल परत बोलावता येतो का, विचारलं. नाही म्हणाली. मग हळूच म्हणाली, आमटी आणखी हवी का?

२३ नोव्हेंबर
बागेत गेलो. मान ताठ, उत्तरं तयार. कारंज्यापाशी कोणी नाही.

२४ नोव्हेंबर
आजही नाही. हसून हसून आजारी पडला असेल. पडू दे.
दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालता घालता माझीच कविता गुणगुणत होती. बाक बाकाला सांगतो... आता निघाली पाखरे... फळा एकटाच रडे...
मी ओरडलो, एकटाच नाही! एकटा! माझ्या कवितेत 'च' नाही!
ही म्हणाली, अहो, मी लग्न झाल्यापासून असंच म्हणते. मुलाला झोपवताना असंच म्हणायची. त्याशिवाय चाल बसतच नाही. तुम्हाला इतकी वर्षं ऐकू नाही आलं?
अंगावर येणाऱ्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. मी न्हाणीघरात गेलो, आतून कडी लावली, नळ सोडला आणि बोटांवर मोजलं.
सात.
पुन्हा मोजलं. दुसऱ्या हातावर. सात.
मग 'च' घालून. आठ. आणि फळा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त एकटा.

२५ नोव्हेंबर
अंतिम तारीख. समोरासमोर सांगायचं ठरवून बागेत गेलो. काय सांगायचं, ते चालता चालता पाठ केलं : तू म्हणाला होतास ते बरोबर होतं. एवढंच वाक्य. तीन वेळा मध्येच अडखळलो, कवितेत कधी अडखळत नाही. त्याचा बाक रिकामा. तासभर वाट पाहिली, पहिल्यांदाच कारंज्याच्या बाजूच्या बाकावर बसून. तिथून फाटकाकडचा माझा बाक अगदी स्पष्ट दिसतो. हे मला माहीत नव्हतं.
घरी आलो. दिवस संपला. स्मरणिका माझ्याशिवाय.

२६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५
निष्कर्ष :
प्रोग्रॅमिंग : ओळख झाली. (सूनबाईच्या मते, तोंडओळख.)
पूल : मदत केली नाही. पूल सुरक्षित.
कविता : अप्रकाशित.
मित्र : ०.
ही वही आज बंद करतो. मॅट्रिक्सच्या वहीची सदतीस पानं कोरी आहेत. वाणसामानाची यादी लिहायला हिला देईन.

२६ नोव्हेंबर, ९.४०
वही पुन्हा उघडली. दारावर काठी वाजते आहे. बेल असताना काठीनं कोण वाजवतं? ठक ठक ठक ठक, ठक ठक ठक. सात. मग थांबली. मोठा श्वास घेण्याइतकी थांबली. मग एक. ठक.
दाराच्या भिंगातून पाहून आलो. मॉनिटर! पार वाकलाय. एका हातात काठी, दुसऱ्यात माझ्या आकड्यांचा कागद, त्यावर पेन्सिलनं काहीबाही खरडलेलं. बाहेरूनच ओरडतोय : ए प्रूफरीडर! नुसते आकडे पाठवतोस होय रे? चार दिवस घरातून बाहेर पडलो नाही! एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, हे कळायलाच दोन दिवस गेले! नशीब तुझं, मला कविता पाठ आहे! शून्याच्या जागी काय घालायचं ते एकदाचं सांग, तुझं पान मी अडवून धरलंय, छापखानेवाला माझ्या नावानं शंख करतोय!
ही आतून म्हणते आहे, अहो, लिहीत काय बसलाय, दार उघडा, माझे हात ओले आहेत.
उघडतो. जरा चष्मा पुसून उघडतो. काल रात्री थेंब घालायचे राहिलेत, म्हणून.