कफीचं टायटल

डेट्रॉइट, ९ ऑक्टोबर १९७२

ती. ईस्टर आंटींना,
व्हर्नेलचा सा. न.

एका प्रश्नाचं उत्तर मला सापडत नाही. वर्गातली मुलं ‘मिस बार्डवेल’ अशी हाक मारतात, तेव्हा ती कुणाला हाक मारतात? मला, की आमची माणसं विकत घेणाऱ्याला?

आजोबा, म्हणजे तुमचे भाऊ, नेहमी सांगायचे, की गुलामगिरीतून सुटका झाली तेव्हा कफी-खापरपणजोबांनी आपलं ‘टायटल’ स्वतःच्या तोंडानं घेतलं. टायटल म्हणजे जमिनीचा हक्क, म्हणजे स्वतःची जमीन घेतली, असं मी धरून चालले होते. कॉलेजात अभिमानानं सांगितलंही. उन्हाळ्यात तिकडच्या नोंदणी कचेरीत शोधलं, तर त्यांच्या नावावर वीतभर जमीन कधी नव्हती. उलट हे कळलं, की बार्डवेल हा त्यांचा पहिला मालक. त्यानंच त्यांना पोरवयात सिम्सला विकलं. आणि आपण त्या विकणाऱ्याचं नाव मिरवतो.

मला ते नको आहे. २६ तारखेला न्यायाधीशांपुढे उभी राहून मी व्हर्नेल कफी होणार. बाबा बोलत नाहीत. आईकरवी निरोप येतो, की घरातली पहिली पदवी, तिच्यावरचं नाव शाई वाळायच्या आत खरवडायला निघाली. तुम्ही तरी रागावू नका. आशीर्वाद आला तर उभं राहायला बळ येईल.

तुमच्या मायेची,
व्हर्नेल

सेंट क्लेअर बेट, साऊथ कॅरोलायना
२१ ऑक्टोबर १९७२

चि. व्हर्नेलला, आमच्या बिटीस,
ईस्टर आंटीचे अनेक आशीर्वाद.

भेंडी संपली, रताळी काढून झाली, गुडघे मात्र जागेवरच आहेत. तिकडे रोज भात खातेस ना? नुसत्या पावावर राहणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडायचेच.

पोरी, तुला एवढं शिकवलं आणि घरची बोली शिकवायची राहिली. त्यात दोष तुझ्या बापाचा. आम्ही बेटावरचे लोक आडनावाला टायटल म्हणतो. तुझं टायटल काय, असं माझी आई दारात आलेल्या प्रत्येकाला विचारायची. जमीन कुठली आणि कागद कुठला! माझ्या आजोबांनी, तुझ्या कफी-खापरपणजोबांनी, घेतलं ते नाव.

ते त्यांनी मला मटार सोलताना सांगितलं होतं. सुटका झाली तेव्हा उत्तरेच्या सैन्याच्या छावणीतला कारकून सिम्सकडच्या साऱ्यांना सिम्स लिहीत चालला होता. आजोबा पुढे झाले आणि म्हणाले, मी बार्डवेल. लोक हसले. दोन कुत्र्यांतलं पहिलं चावलेलं निवडलंस, असं म्हणाले. ते नाव मलाही कडूच होतं, म्हणून मी विचारलं, का घेतलंत. त्यांनी शेंग खाली ठेवली आणि एवढंच बोलले, “बायनाला सिम्स ठाऊक नाही.”

बायना त्यांची थोरली बहीण. बार्डवेलच्या मळ्यावरून तिला त्यांच्या आधीच विकून अलाबामाकडे नेली. कधी सुटली आणि शोधत आली, तर ती कोणत्या नावानं विचारणार? जे तिला माहीत, तेच. ती आली नाही. आजोबा मरेपर्यंत प्रार्थनाघरात दाराशी बसायचे. आत बसा म्हटलं तर म्हणायचे, इथे वारा लागतो.

तुझ्या कोर्टाला मी आडवी येत नाही. तोंड तुझं, टायटल तुझं. फक्त माहीत असून कर.

दोन घास जास्त खा. म्हातारीवर लोभ ठेव.
ईस्टर आंटी

डेट्रॉइट, ४ नोव्हेंबर १९७२

ती. ईस्टर आंटींना,
बिटीचा सा. न.

तुमचं पत्र आलं, तेव्हा कोर्ट होऊन गेलं होतं. न्यायाधीशांनी मान वर न करता सही केली. मी कायद्यानं व्हर्नेल कफी झाले. वर्गात एकानं विचारलंच, कॉफी दूध घालून की बिनदुधाची. मीही हसले.

पत्र बाबांना दिलं. पायरीवर बसून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खूप दिवसांनी माझ्याशी बोलले. कारखान्यात गोरा मुकादम त्यांना अजून ‘ए पोरा’ म्हणतो. बार्डवेल हे निदान नाव तरी होतं, म्हणाले.

मी मागे फिरणार नाही, आंटी. माझ्या तोंडात ते नाव अजून कडूच लागतं. पण ज्या दारावर ती पाटी होती, ते दार मीच बंद केलं असं सारखं वाटतं. बायना आता कुठली यायला! पण तिची पतवंडं असतील. त्यांच्याकडेही कुणी म्हातारी कफी नावाच्या भावाबद्दल सांगत असेल.

सुटकेनंतर हरवलेल्या माणसांच्या नावानं आपल्या चर्चमधून आवाहनं वाचून दाखवायचे, असं पाळकांनी मला सांगितलं. त्यांच्याकडून अलाबामातल्या चर्चचे पत्ते घेतले. प्रत्येकाला लिहिलं, की बार्डवेलच्या मळ्यावरून नेलेल्या बायनाच्या माणसांना तिचा भाऊ कफी याच्या घरचे शोधत आहेत. रविवारी प्रार्थनेनंतर कृपया वाचावं. तुमचा पत्ता दिला आहे, न विचारता. रागवा हवं तर.

सोमवारी सगळी पत्रं टपालात टाकली. प्रत्येकाखाली सही केली ती व्हर्नेल बार्डवेल अशी.

तुमचीच,
बिटी